तुझ्या नावाचं पांढरं कार्ड

विसरवाडी,
९ फेब्रुवारी

प्रिय ममता,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी हसली असशील. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं, आणि तेही विसरवाडीहून धडगावला! हो, विसरवाडीच. मी पुण्यात नाही. गेले पाच दिवस घरी आहे आणि तुला कळवलेलं नाही. त्याबद्दल ज्या शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, कारण पुढे त्याहून मोठ्या शिव्यांची सोय करून ठेवलीय. आणखी एक कबूल करते. परवा मी शहाद्यापर्यंत आले होते. धडगावची गाडी लागलेली होती, खिडकीची जागासुद्धा मिळत होती. मी म्हटलं एक चहा घेऊ आणि बसू. मग दुसरा घेतला. गाडी माझ्या डोळ्यांसमोर निघून गेली. त्यानंतरची पण गेली. शेवटी मी नंदुरबारची गाडी पकडली आणि घरी परत आले. आईने विचारलं, भेटली का गं ममता? मी म्हटलं, तिच्या शाळेत तपासणी होती, भेट नाही झाली. तुझ्या नावावर मी किती सहज खोटं बोलते बघ.

तुझा तो सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी दहा वेळा तरी ऐकलाय. रेंजसाठी टेकडीवर चढून बोलत होतीस, मधेमधे वाऱ्याचा आवाज, तुझा दम लागलेला, तरी एक शब्द गाळला नाहीस. बोलणीच्या दिवशी भरतच्या घरची माणसं आली, मोहाच्या झाडाखाली बसली, तुझ्या बाबांनी नवं पागोटं बांधलं होतं. सगळं ठरल्यासारखंच होतं, पण भरतच्या आईने, तुळशीबाईंनी, सोयरीक पक्की करायची मोहाची बाटली उघडू दिली नाही. आधी सिकलसेलच्या रक्ततपासणीची कार्डं दाखवा म्हणाल्या. त्यांची थोरली मुलगी एकोणीस वर्षांची असताना गेली, तिचं कार्ड लाल होतं. तेव्हापासून त्यांना अक्षर वाचता येत नसलं तरी कार्डाचा रंग बरोबर वाचता येतो. भरतचं पिवळं निघालं, तुझं पांढरं. त्यांनी दोन्ही कार्डं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, तुझ्या कार्डावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, आता उघडा. होळी झाली की वैशाखात लग्न. आणि शेवटी तू हसत हसत म्हणालीस, रोही, तुझ्या शास्त्रामुळे माझं लग्न जमलं बघ! याला मी काय उत्तर दिलं? एक फुलांचा गुच्छ पाठवला, तोही फोनमधला तयार.

तुला हे सांगायची गरज नाही, तू स्वतः गावागावांत समजावत फिरतेस. लाल कार्ड म्हणजे आजार, पांढरं म्हणजे रक्त निर्दोष. पिवळं कार्ड म्हणजे आजार नाही, आजाराचा अर्धा वाटा फक्त अंगात आहे. एक पिवळं आणि एक पांढरं असलं तर कुठल्याच लेकराला लाल कार्ड यायचं नाही. दोन्ही पिवळी असली तर मात्र प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक अशी भीती. म्हणजे तुझं आणि भरतचं सगळं पुढचं आयुष्य त्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर विश्वासून उभं आहे. तुळशीबाईंनी आपली गेलेली मुलगी आठवून त्याच्यावरून हात फिरवला. मला ते ऐकल्यापासून नीट जेवण जात नाही.

इथलं सांगते, तेवढाच थोडा वेळ जाईल. बाबा आता नवापूरला पोल्ट्रीवर कामाला जात नाहीत. घरामागे स्वतःची छोटी शेड टाकलीय, चारशे पिल्लांची, आणि आयुष्यभर आमच्याशी जेवढं बोलले नाहीत तेवढं त्या पिल्लांशी बोलतात. हायवेवर ट्रकने मोठा हॉर्न दिला की सगळी पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात गोळा होतात, आणि वेळीच पांगवली नाहीत तर खालची चेंगरून मरतात. म्हणून बाबा जेवतानासुद्धा एक कान रस्त्याकडे ठेवतात. काल मी त्यांना सांगत होते, की माणसाची लाल पेशी पिकताना आपलं केंद्रक बाहेर फेकून देते, म्हणजे डोकंच टाकून देते म्हणा ना, आणि मग जन्मभर फक्त प्राणवायू वाहते. कोंबडीची लाल पेशी तसं करत नाही, ती आपलं केंद्रक शेवटपर्यंत जवळ ठेवते. बाबांनी दाण्याची पाटी खाली ठेवली, थोडा विचार केला आणि म्हणाले, तरीच कोंबडीला कोणी नोकरीवर ठेवत नाही. पाच वर्षं मी यात डोकं घालून बसलेय, पण इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

तू नेहमी विचारतेस, रोही, तू तिथे दिवसभर नक्की करतेस तरी काय? दर वेळी मी रक्तावर संशोधन एवढं बोलून सुटते. आज तुझ्या चौथीच्या पोरांना सांगावं तसं सांगते. रक्त हृदयात तयार होतं असं आपल्याला वाटायचं, आठवतं? ते तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात. पण किती तयार करायचं हे हाडाला कळत नाही, ते कळतं किडनीला. तिथे प्राणवायू कमी पोचायला लागला की ती एक हार्मोन सोडते. त्याचं नाव लांबलचक आहे, आम्ही लाडाने एपो म्हणतो. एपो मगजातल्या कच्च्या पेशींपर्यंत पोचतं आणि सांगतं, मरू नका, पिका, लाल व्हा, निघा कामाला. दुसरं एक हार्मोन आहे, भीती, ताप, उपास, दगदग असली की अंगात वाढतं ते. त्याची जगभर बदनामी आहे. पण कच्च्या पेशींना ते फार शहाणपणाचं काहीतरी सांगतं. थांबा, इतक्यात पिकू नका, आधी एकाच्या दोन व्हा, दोनाच्या चार व्हा, मग बघू. एक म्हणतं चला, दुसरं म्हणतं थांबा, आणि त्या एवढ्याशा पेशीने दोघांचंही ऐकायचं. ती कुणाचं, कधी आणि किती ऐकते, हा माझा प्रश्न. आम्ही नळीभर रक्तातून अगदी कच्च्या पेशी वेगळ्या काढतो, बाटलीत वाढवतो, आधी थांबा म्हणणारं हार्मोन देतो, मग ते काढून घेतो आणि एपोवर सोडून देतो. बाराव्या-तेराव्या दिवशी नळीच्या तळाशी गुलाबी ठिपका दिसतो, मग तो लाल होतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मला रडू आलं. आमच्या गाईड मॅडम म्हणाल्या, रड खुशाल, पण बाजूला होऊन, नळीला झाकण नाहीये.

आणि हे सगळं सिकलसेलवाल्यांच्या पेशींवर. त्यांची लाल पेशी आपल्यासारखी चार महिने टिकत नाही, काही आठवड्यांतच मोडते. त्यामुळे एपो सारखं हाका मारत राहतं, चला, चला, चला. वर्षानुवर्षं फक्त चला ऐकणाऱ्या पेशीला कुणी थांब म्हटलं तर ते अजून ऐकू येतं का, हे मी शोधतेय. कधी वाचताना मधेच तू आठवतेस. बारावीला तुझे बाबा ताडावरून पडले, पाय मोडला, आणि तू सायन्स सोडून डी.एड.ला गेलीस, कारण नोकरी लवकर लागली पाहिजे होती. धाकट्या दोघांची शिक्षणं, घरावरचे पत्रे, आईचं ऑपरेशन, सगळं तूच. तुझी प्राणिशास्त्राची वही मला देऊन टाकलीस, बेडकाच्या आकृतीखाली तुझं नाव होतं तेही खोडलं नाहीस. मी पुण्याला जाताना मला वाटत होतं, ममता किती पटकन मोठी झाली. आता वाटतं, तुला कुणी थांब म्हणालंच नाही गं. मी तरी कुठे म्हणाले?

म्हणून भरतबद्दल ऐकून मला इतका आनंद झाला होता. चार वर्षं तो तुझ्यासाठी थांबला, तुझ्या धाकट्याची नोकरी लागेपर्यंत. वनखात्याच्या रोपवाटिकेत काम करणारा माणूस, दर महिन्याला काहीतरी निमित्त काढून तुझ्या शाळेत रोपं घेऊन यायचा. आता म्हणे शाळेच्या अंगणात एवढी झाडं झालीत की पोरांना कबड्डीला जागा उरली नाही. मागच्या दिवाळीत तू मला त्याच्याशी फोनवर बोलायला लावलंस. तो बिचारा काय बोलायचं म्हणून गोंधळला आणि मला सीताफळाच्या कलमांची माहिती देत बसला. मी ऐकत होते आणि मागून तुझं दाबलेलं हसू ऐकू येत होतं. तसं हसताना मी तुला आठवीनंतर ऐकलं नव्हतं. हे लग्न व्हावं असं तुझ्याइतकंच मलाही वाटतं, हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

आता आठवीतली होळी. ही गोष्ट तू माझ्यापेक्षा छान सांगतेस. त्या सात मिनिटांच्या मेसेजमध्येही होतीच. तुझ्या शाळेत रक्त तपासायला माणसं आली, पोरं रडायला लागली, आणि तू त्यांना सांगितलंस, की अरे, मला तर झोपेत टोचलं होतं, मला कळलंसुद्धा नाही. मग सगळी पोरं रांगेत उभी राहिली. तू सांगतेस तशीच सांगते. शहाद्याचं आपलं वसतिगृह, एकशे चाळीस मुली, होळी दोन दिवसांवर. तपासणीवाले आले तेव्हा रेक्टरबाई दारातच उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "रगत दिधाबिगर एक बी पोर घर जावाव नही!" तू सकाळपासून तापाने फणफणलेली. पलीकडच्या खोलीतल्या एका मुलीला ताप निघाला म्हणून तिला थेट दवाखान्यात भरती करायला नेलं होतं, आणि तुझे डोळे ते ऐकून भरून आले. कारण त्या वर्षी तुझे बाबा नवस फेडायला बुध्या होऊन होळीत नाचणार होते, नवसाचं पाचवं आणि शेवटचं वर्ष. मोरपिसांचा टोप घरी तयार होता, पण कमरेचे घुंगरू तू इथे वसतिगृहात बसून ओवले होतेस आणि कॉटखाली पत्र्याच्या पेटीत लपवले होतेस. ते पोचले नाहीत तर बाबा नाचणार कसे? तू माझा हात धरून म्हणालीस, रोही, काहीही कर, पण मला घरी पाठव. आणि झोपलीस. दुपारी जागी झालीस तेव्हा डाव्या हाताच्या बोटाला कापूस बांधलेला होता. मी म्हटलं, ते खोलीत येऊन टोचून गेले, तू हललीसुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी तुझे काका जीप घेऊन आले. घरी पोचेपर्यंत ताप उतरला, बाबा घुंगरू बांधून तीन दिवस नाचले. पुढे पावसाळ्यात कार्डं आली, तुझं पांढरं, माझंही पांढरं. आपण दोघींनी कार्डं हातात घेऊन कॉटवर उड्या मारल्या आणि एक फळी मोडली. ही तुझी गोष्ट.

आता माझी एक गोष्ट ऐक, पुण्यातली, डिसेंबरमधली. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाच्या पेशींशेजारी एक निरोगी माणसाच्या पेशी वाढवतात, तुलना करायला. निरोगी रक्त बहुतेक वेळा माझंच असतं, पांढऱ्या कार्डाची बाई हाताशी असताना बाहेर कशाला शोधायचं! डिसेंबरमध्ये सात नंबरच्या रुग्णाच्या पेशींनी कमाल केली. थांबा म्हटल्यावर थांबल्या, दुपटीने वाढल्या, एपो दिल्यावर एका सुरात पिकल्या. असं आजवर कुठल्याच रुग्णाच्या बाबतीत झालं नव्हतं. मॅडमनी पेढे वाटले, बाहेरच्या एका मोठ्या शास्त्रज्ञाला कळवलंसुद्धा. मी मात्र तोच प्रयोग पुन्हा केला आणि तसं काही झालं नाही. तिसऱ्यांदा केला, नाही. मग मी माझ्या वह्या काढल्या, बाटल्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, आणि कळलं की पहिल्या दिवशी हात अडकलेला असताना मी माझ्याच रक्ताच्या बाटलीवर सात नंबरची चिठ्ठी चिकटवली होती. त्या माणसाचं रक्त शेजारी माझ्या नावाने वाढत होतं. मी मॅडमकडे जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, रोहिणी, उद्या कुणी या आकड्यांवर विश्वास ठेवून त्या माणसाचं औषध ठरवलं असतं तर? मग स्वतःच त्या मोठ्या माणसाला पत्र लिहून सगळं मागे घेतलं. मला प्रयोगशाळेत ठेवलं, एवढंच नाही तर म्हणाल्या, सांगितलंस म्हणून ठेवतेय. मी खाली मान घालून उभी होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात सात नंबरचा रुग्ण नव्हताच. वसतिगृहातली आपली खोली होती. माझं रक्त दुसऱ्याच्या नावावर लावायची ही माझी पहिली वेळ नव्हती.

त्या दिवशी आपल्या खोलीत कुणीही आलं नव्हतं, ममता. मी रांगेत उभी राहिले, माझं नाव सांगितलं, उजव्या हाताचं बोट दिलं. मग खोलीत आले, वेणीची रिबीन काढली, तुझी हिरवी ओढणी घेतली, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. टेबलावरच्या माणसाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, सकाळपासून शंभर बोटं टोचून तोही कंटाळला होता. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, बाबांच्या नावासकट, आणि डावं बोट पुढे केलं. माझ्या बोटावरचा कापूस मी नंतर तुझ्या बोटाला बांधला, रेक्टरबाईंनी बघितलं तर दिसावा म्हणून. दोन्ही कार्डं पांढरी आली यात नवल ते काय? दोन्ही एकाच मुलीची होती. आठवीत मला यात काही वाईट वाटलं नाही, उलट मी स्वतःवर खूष होते, मैत्रिणीला होळीला पोचवलं म्हणून. पण आठवीची सबब मी पुढे करणार नाही. अकरावीत आनुवंशिकतेचा धडा आला तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हा म्हटलं, लग्नाला वेळ आहे, सांगू. बी.एस्सी.ला म्हटलं, ती कुठे लग्न करतेय, सांगू. पीएचडीला प्रवेश मिळाला तेव्हा तर म्हटलं, आता सांगितलं तर लोक काय म्हणतील, रक्तावर संशोधन करते आणि हिनेच असं केलं! बघ, तिथेही मला तुझी नाही, माझीच काळजी होती. त्या दिवशी टोचून काढलेल्या थेंबातल्या पेशी माझ्या अंगात राहिल्या असत्या तरी चार महिन्यांत मेल्या असत्या. कार्ड मात्र तेरा वर्षं जगलं, तुझ्या पेटीत, तुझ्या विश्वासावर.

हे पत्र त्यासाठी आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे गं, लहान होतो आपण. तू तसंच म्हणाली असतीस हे मला माहीत आहे, आणि मी ते हावरटासारखं लगेच घेतलंही असतं. म्हणून तुझ्या तोंडासमोर आले नाही, शहाद्याहून परत फिरले. तू आधी माझ्यावर पोटभर रागाव, मला काय म्हणायचं ते त्या टेकडीवर जाऊन ओरड, भरतलाही सांग. पण पत्र फाडण्याआधी एक कर. लग्नाची पुढची काही तयारी करण्याआधी दवाखान्यात जा आणि तुझ्या नावावर तुझं स्वतःचं रक्त दे. टोचलेलं कळतं, थोडं दुखतंही, मी तुला खोटं सांगितलं होतं. पांढरं निघालं तर मी वैशाखात सगळ्यात पुढे नाचेन. पिवळं निघालं तर लग्न मोडलंच असं नाही. दोन पिवळ्या कार्डांची माणसंही संसार करतात, दिवस राहिल्यावर लवकर तपासता येतं, बाळ आजारी निघालं तरी आता औषधं आहेत, आणि मी जन्मभर तुमच्या हाकेला असेन. पण ते तू आणि भरतने सगळं ठाऊक असताना ठरवायचं, माझ्या रक्तावर भरवसा ठेवून नाही. ज्या बाईने एक मुलगी गमावलीय तिलाही हे कळायला हवं. शनिवारी, बावीस तारखेला, मी धडगावला येतेय, या वेळी चहा न घेता. तू स्टँडवर आलीस तर आपण दोघी बरोबर दवाखान्यात जाऊ. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही, तो हक्क मला नाही. फक्त भरतबरोबर निरोप धाड की मला तुळशीबाईंच्या घरी जाऊ देशील. उद्या तुझं कार्ड बदललं तर गावात लोक म्हणतील, मास्तरीणबाईंनी कार्डात लबाडी केली, आणि ते ऐकण्याआधी मला मरण बरं. त्यांच्या अंगणात खाली बसून मला त्यांना सांगायचंय, की तुमच्या सुनेला यातलं काही माहीत नव्हतं, ती तापात झोपली होती. रक्त माझं होतं आणि खोटंही माझंच होतं. तुझं त्यात काहीच नव्हतं, एवढं मला त्यांच्यासमोर एकदा बोलू दे.

तुझीच, अजूनही तू म्हणू देशील तर,
रोहिणी